हॉलवरचं भाडं

माझी गाडी दोन पाळ्यांत चालते. पहाटे चार ते दुपारी चार मी, संध्याकाळी पाच ते पहाटेपर्यंत रघु. मधला एक तास कल्याणच्या कोळसेवाडीतल्या परमिट रूमचा. मी तिथे दिवसाचा पहिला घोट घेतो, रघु नुसता सोडा पितो, कारण त्याची पाळी पुढे असते. पाच वाजले की तो टेबलावरची चावी उचलतो आणि निघतो. अकरा वर्षं हे असंच चाललेलं. एका सीटवर दोन माणसं अकरा वर्षं आळीपाळीने बसली की सीटलाही कळत नाही कोण कुठला.

टेबलावर आणखी दोघं. महेंद्र लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतः जिन्याने जातो, कारण लिफ्टचं काय असतं ते त्याला माहीत आहे. राकेश एका शाळेत क्लार्क आहे, आमच्यात तोच काय तो पेपर पूर्ण वाचणारा. आणि मी सहदेव, टॅक्सीवाला. लोक मला चिडका म्हणतात. मी चिडका नाही. मागच्या सीटवर बसून लोक काय काय बोलतात, काय काय खातात आणि उतरताना दार कसं आपटतात, हे रोज बारा तास सोसलं की कोणाचाही स्वभाव असाच होईल.

सिरियलचा शोध महेंद्रला लागला. 'उलट्या डोक्याचा उत्तम' असं तिचं नाव. उत्तम टॅक्सी चालवतो, जगाला शिव्या घालतो आणि पाळी संपली की बारमध्ये मित्रांसोबत बसतो. मॅपवाल्या बाईने उजवीकडे वळा म्हटलं की उत्तम म्हणतो, "बाई, तू लग्न केलंस का? नाही ना? मग नवरा मिळेपर्यंत गप्प बस." हे वाक्य माझं. शब्द न् शब्द माझं. उत्तमच्या मित्रांत एक लिफ्टवालाही होता, उंचीला घाबरणारा.

"माझं काम एका जाड्याने केलंय," महेंद्र म्हणाला, "पण चांगलं केलंय."

कोणीतरी लेखक शेजारच्या टेबलावर बसून आपलं ऐकतोय, असं आम्ही ठरवून टाकलं. त्यानंतर महेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला. राकेश शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं बोलायचा. मी वरवर शिव्या घातल्या, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. छप्पन वर्षांत माझं बोलणं कोणी लिहून ठेवण्यासारखं वाटलं नव्हतं.

आता माझ्या घरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला एकच मुलगी, योगिनी. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. तीन वर्षांपूर्वी योगिनीने प्रेमशी लग्न ठरवलं. प्रेम डोंबिवलीत क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, दारू नाही, तंबाखू नाही, माझ्याशी बोलताना उभा राहायचा. मुलात खोट काढायला जागा नव्हती. पण तो बौद्ध आणि आम्ही लांज्याकडचे मराठे. गावाला काय तोंड दाखवू, असं मी म्हणालो, जसं काही गाव रोज माझं तोंड बघायला पारावर बसलेलं. राकेशही बौद्धच. त्याने मला याच टेबलावर विचारलं होतं, "सहदेव, माझ्या ताटातला चकणा खातोस ना? मग?" मी म्हणालो, ते वेगळं. वेगळं काय, ते मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही. राकेश मात्र लग्नाला गेला, रघु आणि त्याची बायको गेली. मी सगळ्यांना सांगितलं, मला त्या दिवशी एअरपोर्टची भाडी आहेत.

एअरपोर्टला मी गेलोच नाही. रघु आणि राकेश आत गेल्यावर डोंबिवलीत त्या हॉलच्या समोर गाडी लावली, अ‍ॅप बंद केलं आणि दहापासून दीडपर्यंत बसून राहिलो. फाटकातून स्टेजचा अर्धा भाग दिसत होता. नवरी नेमकी दुसऱ्या अर्ध्यात. येणारे-जाणारे गाडीला वळसा घालून जात होते, हॉलसमोर टॅक्सी उभी आहे याचं कोणाला काय. आपल्या मुलीच्या लग्नात कोणी आपल्याला ओळखू नये यासाठी टॅक्सीवाला असणं पुरतं.

दीडच्या सुमाराला एक म्हातारा-म्हातारी बाहेर आली. पांढरी साडी नेसलेल्या त्या म्हातारीने काच वाजवून विचारलं, "माजिवड्याला येणार का, दादा?" मी त्यांना बसवलं. वाटेत तिने पिशवीतून बॉक्स काढून पुढे केला. "लग्नाचा लाडू आहे, नाही म्हणू नका. पोरगी लई गुणाची मिळाली. बाप मात्र मेला आलाच नाही." मी लाडू खाल्ला. असतील काही अडचणी, म्हणालो. "अडचण कसली? डोक्यात शेण," म्हातारी म्हणाली, आणि मी तिच्याबरोबर हसलो. भाडं घेतलं नाही. तिने बॉक्सच ठेवून घ्यायला लावला.

पाच वाजता रघुला गाडीत तो बॉक्स दिसला. वर योगिनीचं आणि प्रेमचं नाव छापलेलं. मग मला सांगावं लागलं. "रघु, हे तुझ्यामाझ्यात," मी म्हणालो, आणि त्याने मान हलवली.

योगिनीला मी हे कधी सांगितलं नाही. हॉलसमोर आलेलो हे सांगायचं, तर आत का नाही आलात याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. ते माझ्याकडे नव्हतं. तीन वर्षं ती माझ्याशी सणासुदीला दोन वाक्यं बोलायची, घरी बोलवायची नाही. गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. बारसं पुढच्या पंधरवड्यातल्या रविवारी ठरलं. रघुची बायको गंगुबाई अधूनमधून तिच्याकडे जायची, माझ्यासाठी शब्द टाकायची. पप्पांना बारशाला बोलाव, असं तिने म्हटल्यावर योगिनी म्हणाली, "बघते." तीन वर्षं 'नाही' ऐकल्यावर 'बघते' हे मला खूप होतं. मला ते बारसं हवं होतं. नात बघायची होती आणि या वेळी आत जाऊन बघायची होती.

अशात तो एपिसोड लागला. बारमधल्या टीव्हीवर आदल्या दिवशीचा भाग साडेचारला पुन्हा दाखवायचे. उत्तमच्या मुलीचं लग्न. उत्तम रुसलेला, कारण मुलगा शाकाहारी निघालेला. रुसून तो हॉलसमोर टॅक्सीत गॉगल लावून बसतो, कोणी आलं की सीटखाली घुसतो. मग एक म्हातारी येते, काच वाजवते, लाडू देते. "बाप मेला आलाच नाही," ती म्हणते. उत्तम तोंडात लाडू कोंबून म्हणतो, "मेलेलाच बरा." दर वाक्याला टीव्हीतली माणसं हसत होती. मग बारमधली हसायला लागली. वेटर ट्रे घेऊन मध्येच उभा राहून हसला.

महेंद्र खाली बघत होता. राकेश बाटलीवरचं लेबल नखाने काढत होता. रघु माझ्याकडे बघत होता.

"कोणाला सांगितलंस?" मी त्याला विचारलं.

"कोणालाच नाही."

"मग टीव्हीवाल्यांना स्वप्न पडलेलं?"

"सहदेव, आवाज खाली घे. बाहेर जाऊन बोलू."

"बाहेर कशाला? सगळ्यांनी बघितलंय की आता. एका माणसाला सांगितलेलं मी, एका. लाडवाचा बॉक्स तू बघितलेलास." मग जे बोलायला नको होतं तेही बोललो. "तुझी बायको माझ्या पोरीकडे कशाला जाते ते कळलं आता. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. माझ्या घराचा तमाशा करून जगताय तुम्ही दोघं."

रघुने एकदा महेंद्रकडे बघितलं, एकदा राकेशकडे. ते दोघं खालीच बघत राहिले. त्याने सोडा संपवला, ग्लास ठेवला आणि चावी तशीच टेबलावर ठेवून निघून गेला. मला तेव्हा वाटलं, चोर सापडला की असाच गप्प जातो.

त्यानंतर गाडी रात्री उभी राहायला लागली. दुसरा ड्रायव्हर बघितला, त्याने दोन दिवसांत आरसा, सीट, एसीची जाळी, सगळं आपल्या मनासारखं करून टाकलं, म्हणून त्याला हाकलला. महेंद्रची ड्यूटी अचानक बदलली. राकेश यायचा, पण पेपर उघडून बसायचा आणि संपला की जायचा. गंगुबाईने योगिनीकडे जाणं थांबवलं. तिकडून फोन येत नव्हता. आमच्या टेबलावर मी एकटा आणि वर टीव्हीत उत्तम आपल्या तिन्ही मित्रांसोबत मजेत.

बारशाला तीन दिवस राहिलेले असताना सकाळी डोंबिवली एमआयडीसीतून भाडं लागलं, घोडबंदर रोडला एका शूटिंगच्या सेटवर. तिशीचा मुलगा, दाढी, पाठीला बॅग. बसल्या बसल्या म्हणाला, "सहदेवकाका ना? ओळखलंत का? मी सिद्धेश."

मी नाही म्हणालो. भाडी कोण लक्षात ठेवतं?

"तीनदा बसलोय तुमच्या गाडीत. उत्तम मी लिहितो, काका."

मी गाडी बाजूला घेतली. मागचे हॉर्न वाजवत होते. "तुला रघु कुठे भेटला?" मी विचारलं.

"कोण रघु?"

मग त्याने सांगितलं. पहिल्यांदा बसला तेव्हा तो वडिलांशी फोनवर भांडत होता. काटई नाक्याला आम्ही पाऊण तास अडकलेलो. त्याने फोन ठेवल्यावर मी त्याला झापला, बापाशी असं बोलतात का म्हणून, आणि मग लग्नाची गोष्ट सांगितली. बार सांगितला, टेबल सांगितलं, लिफ्टवाला सांगितला. "घरी जाऊन मी बाबांना फोन केला, काका. तुमच्यामुळे," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी परत तुमची गाडी मिळाली. तुम्ही मला ओळखलं नाहीत, तीच गोष्ट परत सांगितलीत. तिसऱ्या वेळी मीच विचारलं, ही लिहू का? तुम्ही म्हणालात, लिही की, मला कोण ओळखतंय."

मला काही आठवत नव्हतं, आणि तरी ते खरं होतं हे मला माहीत होतं. टेबलावर बोललेलं दुसऱ्या दिवशी समोर येतं. भाड्याशी बोललेलं भाड्याबरोबर उतरतं, असा आमच्या धंद्यात सगळ्यांचाच समज. बायको गेल्याचं मी रघुच्या आधी भाड्याला सांगितलेलं. त्या लाडवाची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, मोजदाद नाही. चांगली सांगत असणार, तिसऱ्यांदाही मुलाने ऐकून घेतली म्हणजे.

"शाकाहारी का केलास त्याला?" मी विचारलं.

"चॅनेलने जात वगळायला लावली. म्हणाले, कॉमेडीत नको." तो पुढे वाकला. "आवडलं ना, काका?"

मी गाडी चालू केली आणि त्याला सेटवर सोडलं. उतरताना त्याने दार हळू लावलं.

तिथून अ‍ॅप बंद करून सरळ दिव्याला, रघुकडे गेलो. रघुच्या इमारतीखाली टँकर लागलेला आणि रघु दोन्ही हातांत कॅन घेऊन चौथा मजला चढत होता. मी त्याच्या हातातला एक घेतला. त्याने घेऊ दिला. वर गेल्यावर गंगुबाईने चहा ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"मीच सांगितलेलं," मी म्हणालो. "भाड्याला."

"माहीत होतं मला," रघु म्हणाला.

"कसं?"

"तू सगळ्यांनाच सांगतोस. महेंद्रला गणपतीत सांगितलेलंस. तो माझ्याकडे आला, म्हणाला, सहदेवने फक्त मला सांगितलंय, तू कुठे बोलू नकोस. राकेशचे वडील गेले तेव्हा जलदानाच्या दिवशी मांडवात राकेशला सांगितलंस. तोही मला तेच म्हणाला. प्रत्येकाला तू 'फक्त तुला' म्हणून सांगितलंस."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"काय बोलू? ते दोघंही तेच समजत होते, आपल्याच तोंडून कुठेतरी गेलं. नावं घेतली असती तर तू त्यांनाही हाकललं असतंस." त्याने कपातली साय बोटाने बाजूला केली. "तुझ्या शिव्यांचं काही नाही रे. अकरा वर्षं ऐकतोय. ते दोघं खाली बघत बसले ना, ते लागलं. आणि हिचं नाव तू घ्यायला नको होतंस."

माझी चूक झाली, असं मी म्हणालो. गंगुबाईकडे बघूनही म्हणालो. मला खरंच लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला रागच येतो, तो गिळून म्हणालो.

गंगुबाई पहिल्यांदा बोलली. "सगळ्या कल्याणला सांगितलंत, भावोजी. पोरीला तेवढं सांगायचं राहिलं."

तिथेच बसून मी फोन लावला. स्पीकर लावून मांडीवर ठेवला.

"बोला, पप्पा," योगिनी म्हणाली. मागे बाळ कुरकुरत होतं.

"योगिनी, मी तुझ्या लग्नाला आलेलो."

मी सांगत सुटलो. हॉल, फाटक, बंद केलेलं अ‍ॅप, अर्धं स्टेज, म्हातारी, लाडू. इतक्यांदा सांगितलेलं होतं की शब्द आपोआप जागेवर पडत होते, कुठे थांबायचं तेही मला माहीत होतं. जिला पहिल्यांदा सांगायचं तिला मी शेवटी सांगत होतो आणि ते घोकून आल्यासारखं येत होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "तो एपिसोड आम्ही सगळ्यांनी बघितला. सासूबाईंनी दोनदा."

"तो माझाच आहे गं. तो लेखक माझ्या गाडीत बसलेला. मीच त्याला सांगितलेलं."

हे माझ्याच कानाला दारुड्याचं बोलणं वाटलं. तिलाही तसंच वाटलं असणार. "कुठे आहात तुम्ही? बारमध्ये?"

"दिव्याला आलोय. रघुकडे."

"आणि कोण होती ती म्हातारी?"

"नाव नाही विचारलं. पांढरी साडी होती."

"आमच्याकडे लग्नात सगळ्याच पांढऱ्या साडीत होत्या, पप्पा."

मी रघुकडे बघितलं. मी त्याला काही सांगितलं नाही, त्यानेच वाकून फोनजवळ तोंड नेलं. "पोरी, खरं आहे ते. लाडवाचा बॉक्स मी गाडीत बघितलेला."

"काका, तुम्हालाही कामाला लावलं का त्यांनी?" योगिनी म्हणाली, आणि हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलताना हसली. तिच्या आईसारखंच हसते ती, शेवटी श्वास आत ओढून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती माझ्या खोटेपणाला हसत होती.

"त्या सिरियलमधला बाप निदान फाटकापर्यंत तरी गेला," ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "तुम्हाला ते बघून काहीतरी वाटलं, एवढं तरी झालं. या रविवारी. अकरा वाजता. नातीला बघा."

"येतो," मी म्हणालो.

"पण हे इकडे कोणाला सांगू नका हां. प्रेमच्या घरचे हसतील. म्हणतील, बाप टीव्हीवरचं बघून स्वतःचं म्हणून सांगतो. मला ते नाही सहन होणार."

"नाही सांगणार."

"नक्की?"

"नक्की."

फोन बंद झाला. टँकरवाला खालून हॉर्न वाजवत होता, पाणी संपत आल्याची खूण असावी. रघु उठला, रिकामे कॅन उचलले. मी त्याला म्हणालो, रविवारी माझ्यासोबत चल, तिघं एका गाडीतून जाऊ, सकाळी येतो न्यायला.

"आम्हाला बोलावणं आहे," तो जिन्याकडे वळत म्हणाला. "आम्ही आमचे येऊ."